‘क्रीम पब्लिक’ आणि पाच एकर कोरडवाहू



माझा एक भाचा मुंबईत अंधेरीच्या एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर राखणदार आहे. राहतो घाटकोपरच्या डोंगरावर, दहा बाय बाराच्या खोलीत. बाप गेल्यावर गावची सहा एकर कोरडवाहू जमीन त्याच्या नावावर आली, ती त्याने बटाईने लावली आणि तो मुंबईला गेला. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो. एक दिवस घाटकोपरहून मेट्रोने त्याच्याबरोबर अंधेरीला गेलो. फाटकाशी उभा राहून तो मला मोठ्या कौतुकाने सांगू लागला, ‘‘मामा, इथं सगळी क्रीम पब्लिक राहते. एकदम पॉश. हाय सोसायटी.’’

मी विचारले, ‘‘क्रीम म्हणजे काय रे?’’

‘‘क्रीम म्हणजे मोठी माणसं.’’

‘‘मोठी कशानं झाली?’’

याला त्याच्याकडे उत्तर नव्हते. आठ वर्षे तो त्या फाटकावर उभा आहे. कुणाची गाडी कोणती, कुणाचे कुत्रे कोणते, कोण किती वाजता येतो, सगळे त्याला पाठ. पण या लोकांचा पैसा कुठून आला हे त्याला माहीत नाही आणि विचारावे असे कधी वाटलेही नाही. क्रीम म्हटल्यावर विचारायचे राहिले काय? दुधावर साय येते, ती आपोआपच येते.

रात्री खोलीवर जेवताना गावच्या गोष्टी निघाल्या. तेव्हा हाच भाचा म्हणाला, ‘‘आपल्या गावात पैसा फक्त तिघांकडं. एक अडत्या, एक सावकार आणि एक कॅनॉलवरचा बागायतदार.’’ इथे मात्र त्याला कुणी काही विचारायची गरज पडली नाही. कोणाचा पैसा कुठून आला हे त्या शब्दांतच आले होते.

एकच माणूस, एकच दिवस. अंधेरीच्या श्रीमंताचे नाव घेताना त्याच्या तोंडी इंग्रजी शब्द आला आणि हिशेब बंद पडला. गावच्या श्रीमंताचे नाव घेताना मराठी शब्द आला आणि हिशेब उघडा झाला. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. पण या एवढ्याशा गोष्टीमुळे कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेकराचे काय नुकसान होते ते पाहिले पाहिजे.

एकाच कायद्याच्या दोन सोसायट्या

आधी ‘सोसायटी’ हाच शब्द घेऊ. तो आपल्यालाही परका नाही. आपल्या गावातही सोसायटी आहे, विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी. अंधेरी, बोरिवली, मुलुंडमधल्या सोसायट्या म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था. दोन्हींची नोंदणी एकाच कायद्याखाली होते, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली. दोन्हीकडे चेअरमन, दोन्हीकडे सेक्रेटरी, दोन्हीकडे वार्षिक सभा.

फरक एवढाच, की तिथल्या सोसायटीत माणूस सभासद झाला की मालक होतो आणि आपल्या सोसायटीत सभासद झाला की कर्जदार होतो. तिथे दर वर्षी घराची किंमत वाढते, इथे दर वर्षी बाकी वाढते. म्हणून ‘हाय सोसायटी’ म्हटले की डोळ्यांपुढे अंधेरी येते. आपल्या सोसायटीला कुणी ‘हाय’ म्हणत नाही. तिथे उंच असतो तो फक्त थकबाकीचा आकडा.

मुंबईचे हे उपनगर काही आभाळातून पडलेले नाही. ज्याला आज मुंबई उपनगर जिल्हा म्हणतात तो १९९० साली वेगळा झाला. त्याचे तालुके तीन: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. हा सगळा साष्टीचा मुलूख. तिथे भातशेती होती, मिठागरे होती, कोळ्यांची होडकी होती, वारल्यांचे पाडे होते. मुंबईची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली आणि गावे शहराच्या पोटात गेली. अंबोली, मरोळ, वर्सोवा, एक्सर ही गावांचीच नावे आहेत. त्यांची गावठाणे आणि कोळीवाडे आजही इमारतींच्या सावलीत उभे आहेत. त्यांच्या भोवतालच्या शेतांवर जे उभे राहिले त्याचे नाव मात्र कॉम्प्लेक्स, गार्डन, हाइट्स, टॉवर. नवे नाव मिळाले की शेत कुणाचे होते, कोणत्या भावाने गेले आणि मधला नफा कुणाच्या खिशात राहिला, हे विचारायला कुणी उरत नाही.

पवईचेच उदाहरण घ्या. १९८६ साली राज्य सरकार, महानगर विकास प्राधिकरण आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. जमीन नाममात्र भाड्याने दिली. कशासाठी? तर ४० आणि ८० चौरस मीटरची, सामान्य माणसाला परवडणारी घरे बांधण्यासाठी. पुढे तिथे जी वसाहत उभी राहिली तिला लोक ‘पॉश’ म्हणू लागले. शेवटी २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की आधी करारातली लहान घरे बांधा. ‘पॉश’ म्हणणाऱ्याला हा करार आठवत नाही. शब्दाने कराराची आठवणच पुसली.

पैसा कुठून आला ते सांगणारे शब्द

आपल्या भाषेत श्रीमंताला किती शब्द आहेत ते मोजून पाहा. सावकार म्हणजे व्याजावर वाढलेला. मालगुजार म्हणजे सरकारचा सारा वसूल करता करता मोठा झालेला. खोत तसाच, कोकणातला. वतनदार म्हणजे वतनावर बसलेला. अडत्या, दलाल हे दुसऱ्याच्या मालावर टक्का घेणारे. बागायतदार पाण्यावर मोठा. ठेकेदार, गुत्तेदार हे सरकारी कामावर मोठे. यातला कोणताही शब्द घ्या, तो त्या माणसाची कुंडली सांगतो. सत्यशोधकांनी ‘शेटजी-भटजी’ म्हटले तेव्हाही हेच केले. कोण लुटतो आणि कोणत्या वाटेने लुटतो, ते दोन शब्दांत गावाला समजले.

आता इंग्रजी शब्द मोजा. अपर क्लास, हाय सोसायटी, टॉप, एलिट, प्रीमियम, व्हीआयपी, क्रीमी लेयर. हे सगळे शब्द उंची सांगतात. माणूस वर आहे एवढेच सांगतात. कोणत्या शिडीने वर गेला, शिडी कुणाच्या खांद्यावर उभी होती, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाहीत. आणि खालच्याला आपोआप ‘लोअर’ करून टाकतात. रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला, पण ‘थर्ड क्लास’ ही शिवी अजून चालू आहे.

कुणी म्हणेल, मराठीतही असे शब्द आहेत. ‘मोठे लोक’, ‘तालेवार’, ‘खानदानी’. आहेत. ते शब्द कुणी आपल्यात रुजवले तेही आपल्याला माहीत आहे. ज्याला स्वतःचा हिशेब झाकायचा असतो तो असेच शब्द पुढे करतो. तेव्हा इंग्रजी वाईट आणि मराठी चांगली असा हा वाद नाही. भाषेचा अभिमान मिरवण्याइतका रिकामा वेळ कापूस वेचणाऱ्या बाईला नाही. शब्द उंची सांगतो की उगम सांगतो, एवढीच कसोटी आहे.

इंग्रजीशी भांडण नाही

या कसोटीला आपला स्वतःचा शब्दही लावला पाहिजे. शरद जोशींनी ‘भारत विरुद्ध इंडिया’ असे म्हटले तेव्हा त्यांनी श्रीमंत झालेल्या भागाला इंग्रजीच नाव दिले. मग तो शब्द चुकला का? नाही. त्यांनी ‘इंडिया’ म्हटले ते उंची दाखवायला नव्हे. इंग्रज गेला, पण शेतीमाल स्वस्तात ओढून नेण्याची त्याची पद्धत ज्यांनी पुढे चालवली त्यांना त्यांनी ते नाव दिले. उगम सांगणारा तो शब्द होता. शिवाय शहर म्हणजे इंडिया आणि खेडे म्हणजे भारत असेही त्यांनी कधी म्हटले नाही. गावातून उठून शहराच्या झोपडपट्टीत गेलेला माणूस हा भारताचाच निर्वासित आहे आणि गावात राहून लुटीत वाटा घेणारा इंडियाचा आहे, हे ते परोपरीने सांगत.

आपण मात्र हळूहळू आळशी झालो. आता आपल्या सभांत ‘इंडिया’ म्हटले की मुंबईकर एवढाच अर्थ निघतो. मग घाटकोपरच्या डोंगरावरचा माझा भाचाही इंडियात जमा होतो आणि तालुक्याच्या गावी तीन कृषी सेवा केंद्रे आणि दोन जिनिंग असलेला माणूस भारतात. चांगला शब्दही वापरून वापरून बोथट होतो. त्याला अधूनमधून धार लावावी लागते.

साईचा कायदा

‘क्रीमी लेयर’ या शब्दाकडे येऊ. तो आता आपल्या घरात शिरलेला आहे. ओबीसी घरातल्या मुलाला कॉलेजात प्रवेश घ्यायचा, नोकरीचा अर्ज भरायचा, की आधी ‘नॉन-क्रीमी लेयर’चा दाखला लागतो. बाप विचारतो, हे काय? पोरगा म्हणतो, आपण क्रीम नाही असा कागद.

हा शब्द आला कुठून? न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७५ सालच्या एका निकालात तो वापरला. त्यांचे म्हणणे असे, की मागासांच्या नावाने मिळणारा लाभ त्यांच्यातला वरचा साईचा थर घेऊन जातो आणि सगळ्यांत दुबळा मात्र दुबळाच राहतो. पुढे १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी मंडल खटल्याचा निकाल दिला. इतर मागासवर्गीयांचे २७ टक्के आरक्षण मान्य केले, पण त्यांच्यातला साईचा थर वगळा असे सांगितले. त्यानुसार केंद्राने ८ सप्टेंबर १९९३ रोजी आदेश काढला. तेव्हा उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये होती. २०१७ पासून ती आठ लाख आहे.

सरकारी मराठीत याला ‘उन्नत व प्रगत गट’ म्हणतात. उन्नत म्हणजे उंच. म्हणजे भाषांतर करूनही उंचीच हाती आली.

पण नाव बाजूला ठेवा आणि कागद वाचा. त्या १९९३ च्या आदेशात एक गोष्ट अशी आहे, जी कोरडवाहू शेतकऱ्याने पाठ करून ठेवावी. जमिनीच्या बाबतीत हा आदेश नुसते एकर मोजत नाही, पाणी मोजतो. ज्याची जमीन बागायत आहे आणि सीलिंगच्या ८५ टक्के किंवा अधिक आहे, तो क्रीमी लेयर. थोडी बागायत आणि थोडी कोरडवाहू असेल तर त्याचा वेगळा हिशेब दिलेला आहे. आणि ज्याची सगळीच्या सगळी जमीन कोरडवाहू आहे, त्याला जमिनीच्या कारणाने वगळायचेच नाही, असे तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. दुसरे असे, की एक लाखाची किंवा आजची आठ लाखांची मर्यादा बघताना शेतीचे उत्पन्न आणि पगार त्यात मिळवायचे नाहीत. अधिकाऱ्यांच्या मुलांना वगळायचे ते बापाच्या किंवा आईच्या हुद्द्यावरून.

म्हणजे नाव जरी साईचे असले तरी ज्यांनी हा आदेश लिहिला त्यांनी साय कुठून आली ते पाहिले होते. हुद्द्यातून आली का, पाण्यातून आली का, धंद्यातून आली का. शब्द आंधळा, पण कागदाला डोळे आहेत.

आता आपल्याकडे काय होते ते ऐका. आमच्या भागातल्या एका कचेरीत एका मुलाला सांगितले, ‘‘सातबाऱ्यावर चौदा एकर आहे, कापूस आहे, तुम्ही क्रीमी लेयरमध्ये बसता.’’ त्या चौदा एकरांत विहीर नाही, कॅनॉल नाही, पाऊस पडला तर पऱ्हाटी नाहीतर फुफाटा. ना मुलाला आदेश माहीत, ना बापाला. टेबलापलीकडच्या माणसालाही बहुधा नसावा. त्याने ‘क्रीम’ हा शब्द ऐकला, चौदाचा आकडा पाहिला आणि साय दिसली. मुलाच्या तीन खेपा गेल्या. प्रवेशाची तारीख कशीबशी हुकता हुकता राहिली. शब्द न समजण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

पाच एकराची रेघ

त्या आदेशात जे डोळे होते ते पुढे मिटले. जानेवारी २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती झाली. ज्यांना जातीचे आरक्षण नाही अशा आर्थिक दुर्बलांना दहा टक्के जागा मिळाल्या. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. याचेही नाव इंग्रजीच, ईडब्ल्यूएस. पण दुर्बल कोण, हे ठरवताना केंद्राच्या २०१९ च्या आदेशात काय लिहिले ते पाहा.

कुटुंबाचे सगळ्या मार्गांचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. इथे शेतीचे उत्पन्नही धरायचे. पुढे असे, की उत्पन्न कितीही कमी असले तरी ज्याच्याकडे पाच एकर किंवा अधिक शेतजमीन आहे तो दुर्बल नाही. जमीन बागायत की कोरडवाहू, एक शब्द नाही. आणि शहरात ज्याचे घर एक हजार चौरस फूट किंवा अधिक आहे तोही दुर्बल नाही.

आता दोन माणसे शेजारी उभी करू. एकाचे अंधेरीत ९९० चौरस फुटांचे घर आहे. त्याची किंमत लाखांत सांगता येत नाही, कोटींत सांगावी लागते. वर्षाचे उत्पन्न साडेसात लाख. दुसऱ्याकडे पाच एकर कोरडवाहू. एकरी पाच क्विंटल कापूस झाला असे धरून चालू. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. तो पूर्ण पदरात पडला असेही धरू, जो पडत नाही. पंचवीस क्विंटलचे झाले २,०२,७५० रुपये. यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी वजा करा, काय उरते ते तुम्ही मला सांगा. केंद्राच्या त्या आदेशाप्रमाणे पहिला दुर्बल आणि दुसरा सबळ.

माझा भाचा याच रेघेवर अडकला. त्याचे घर कोणत्याच आरक्षणात बसत नाही. नावावर सहा एकर कोरडवाहू आहे, म्हणून केंद्राच्या संस्थांत त्याच्या मुलीला दुर्बल म्हणून अर्ज करता येत नाही. घाटकोपरच्या खोलीत राहून, अंधेरीचे फाटक राखून त्या घराचे नाव सबळांच्या यादीत. मी त्याला म्हटले, ‘‘घे, तूही क्रीम पब्लिकमध्ये आलास.’’ तो हसला, पण मुलीला हसू आले नाही.

हा विषय पुढे तपासायला केंद्राने २०२१ च्या अखेरीस तिघांची समिती नेमली. समितीने काय सुचवावे? घराची अट काढून टाकावी, आठ लाखांची मर्यादा ठेवावी आणि पाच एकरांची अटही ठेवावी. शहरातले घर मोजायला अवघड म्हणून सोडा, आणि शेत मात्र धरून ठेवा. त्या समितीत सचिव होते, अर्थतज्ज्ञ होते. कोरडवाहू शेतकरी त्यांत नव्हता हे वेगळे सांगायला नको.

हीच पाच एकरांची रेघ आपल्याला आधीही आडवी आलेली आहे. २००८ ची कर्जमाफी आठवा. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे जवळपास पाच एकरांपर्यंत, जमीन असलेल्यांचे थकलेले कर्ज पूर्ण माफ झाले. त्यापुढच्यांना पंचवीस टक्के सूट, तीही उरलेले पंचाहत्तर टक्के भरले तर. कॅनॉलखालच्या चार एकर उसाचे कर्ज माफ झाले आणि विदर्भातले सात एकर कोरडवाहू कापसाचे राहिले. ज्याच्या नावाने माफी काढली तोच माफीबाहेर. तिथेही शब्द इंग्रजीच होता, ‘स्मॉल अँड मार्जिनल’. लहान कोण, तर ज्याचे शेत लहान. शेतात पाणी आहे का, हे कुणी विचारले नाही.

गंमत अशी, की सरकारला हा फरक कळत नाही असे नाही. महाराष्ट्राच्या सीलिंगच्या कायद्यात बारमाही बागायतीला मर्यादा १८ एकरांची आणि कोरडवाहूला ५४ एकरांची आहे. म्हणजे जमीन काढून घ्यायची होती तेव्हा सरकारने कबूल केले, की एक एकर बागायत बरोबर तीन एकर कोरडवाहू. सीलिंगशी आपले भांडण जुने आहे आणि ते मिटलेले नाही. पण त्याच कायद्यातली कबुली आपण का सोडावी? घेताना एकास तीन आणि देताना एकास एक, हा कुठला तराजू?

मुंबईसाठी मात्र तराजू वेगळा निघतो. २०२२ पासून म्हाडाच्या सोडतीत मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब अत्यल्प उत्पन्न गटात धरले जाते. मुंबईत जगणे महाग, हे मान्य. जागा पाहून गरिबी मोजता येते, हे सरकारने तिथे दाखवून दिले. मग पाऊस पाहून गरिबी का मोजता येऊ नये?

आपल्या घरातली साय

दुसऱ्यांची साय मोजून झाली. आता आपल्याही भांड्यात डोकावू.

कृष्ण अय्यर जे मागासांबद्दल बोलले ते शेतकऱ्यांनाही लागू आहे. शेतकरी म्हणून आपण सगळे एक, हे खरे. भावासाठी लढताना एकच असले पाहिजे. पण शेतकऱ्यांच्या नावाने जे काही येते, ते कोणाच्या बांधावर आधी पोहोचते? ठिबकचे अनुदान ज्याच्याकडे पाणी आहे त्याला. विजेची सवलत ज्याच्याकडे मोटर आहे त्याला. बँकेचे संचालकपद ज्याच्याकडे कारखाना आहे त्याला. आत्महत्येचा आकडा मात्र कोरडवाहूचा, तो सगळ्यांच्या भाषणात वापरायला. हे बोललो की काही मित्र रागावतात, फूट पाडता म्हणतात. फूट शब्दाने पडत नाही. हिशेब लपवल्याने पडते.

आणि आपल्यातही ज्याचे बरे चालले आहे त्याला आपण काय म्हणतो? ‘प्रगतिशील शेतकरी’. हा ‘प्रोग्रेसिव्ह फार्मर’चाच मराठी अवतार. त्याच्या प्रगतीत धरणाचे पाणी किती, मुलाचा पगार किती, दुकानाचा नफा किती आणि शेती किती, हे कुणी सांगत नाही. मग सरकार म्हणते, बघा, याला जमते, तुम्हालाच जमत नाही. कोरडवाहू शेतकरी घरी येऊन स्वतःलाच दोष देतो. उंची सांगणाऱ्या शब्दाचा हा सगळ्यांत वाईट परिणाम. तो वरच्याला कर्तबगार ठरवतो आणि खालच्याला नालायक. मधला भाव, मधले पाणी, मधला टक्का गायब.

काय करायचे

बैठकीत नुसते लेख वाचून घरी जायचे नसते. म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

पहिली. ज्या घरात मूल दहावी-बारावीत आहे आणि नॉन-क्रीमी लेयरचा दाखला लागणार आहे, त्यांनी ८ सप्टेंबर १९९३ चा आदेश मिळवून जवळ ठेवावा. सगळी जमीन कोरडवाहू असेल तर सातबाऱ्यावर तशी नोंद आहे ना, हे आधीच पाहावे. तलाठ्याने चुकून विहीर किंवा बागायत लिहिली असेल तर ती वेळीच दुरुस्त करून घ्यावी. एका चुकीच्या शेऱ्याने कोरड्या रानावर साय दिसू लागते.

दुसरी. जिल्हा बैठकीने ठराव करावा, की जमिनीची अट घालणाऱ्या कोणत्याही योजनेत, माफीत किंवा दाखल्यात एक एकर बागायत बरोबर तीन एकर कोरडवाहू हेच माप धरावे. हे माप आपण शोधलेले नाही, सरकारच्याच कायद्यातले आहे. ईडब्ल्यूएसची पाच एकरांची अट कोरडवाहूसाठी किमान पंधरा एकरांची झाली पाहिजे.

तिसरी गोष्ट फुकटची आहे, पण सर्वांत अवघड. कुणालाही श्रीमंत म्हणताना कशाने श्रीमंत ते त्याच दमात म्हणायचे. क्रीम, पॉश, टॉप, मोठे लोक हे शब्द निदान आपल्या सभांतून हद्दपार. व्याजावर मोठा, पाण्यावर मोठा, ठेक्यावर मोठा, जागेच्या भावावर मोठा, असे म्हणू. जो घामावर मोठा झाला असेल त्यालाही तसे म्हणू आणि त्याचा सत्कार करू.

भाच्याचा परवा फोन आला होता. म्हणाला, ‘‘मामा, आता त्या इमारतीकडं बघितलं की मनात हिशेब सुरू होतो. हा कशावर मोठा, तो कशावर मोठा.’’ मी विचारले, ‘‘मग, सापडलं काही?’’ तो म्हणाला, ‘‘काहींचं सापडलं. बरीच माणसं पगारदार आहेत, हप्ते भरतात, आपल्यासारखीच रडतात. पण दोघा-तिघांचं विचारू नका.’’

फाटकावर उभे राहून त्याने एवढे शोधले. आपण सातबारा हातात घेऊन बसलो आहोत. आपल्याला याहून जास्त सापडले पाहिजे.